नाताळाच्या कार्डावर नवऱ्याचं नाव

दोरीवर वाळत टाकलेल्या प्रत्येक कार्डावर माझ्या नवऱ्याचं नाव होतं.

चाळीच्या गॅलरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतळ्या ताणल्या होत्या आणि कपड्यांच्या चिमट्यांनी कार्डं लटकवली होती. पांढरंशुभ्र जाड कार्ड, वर इंग्रजीत 'मेरी ख्रिसमस', खाली लाल शाईत मराठी दोन ओळी. मी पहिलं कार्ड वाचलं. एवढ्या एकातच काहीतरी बिघडलं असेल या आशेनं दुसरं वाचलं. मग वाचत वाचत गॅलरीच्या टोकाला पोचले. सगळीकडे तेच.

गव्हाणीत निजलं बाळ, तारा आला दारात,
दत्तारामरावांचं नाव घेते नाताळाच्या भरात.

कार्डं गिरगावातल्या मराठी ख्रिस्ती बायकांच्या महिला मंडळाची होती. दुसऱ्या दिवशी रविवार. उपासना सुटली की ती चर्चच्या दारात सगळ्यांना वाटायची होती. त्या चर्चमध्ये दत्ताराम नावाचं कोणी नव्हतं. एकच दत्ताराम होता, तो आमच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडला होता, कारण गिरणीत संप होता.

"कशें दिसता गो?" फिलूबाय रबराची पट्टी हातात घेऊन खोलीतून बाहेर आली. तिच्या कोपरापर्यंत लाल शाई होती.

"फिलूबाय, ह्याच्यात माझा नवरा आहे."

"खंय?" म्हणाली, आणि तिनं कार्ड उलटून मागे बघितलं.

मी आयुष्यात पुष्कळ कामं केली. भांडी घासली, पापड लाटले, गणपतीच्या मखराला खळ लावली. पण कोणी विचारलं की बाई तुम्ही काय करायचात, तर मी सांगते, मी नाताळ करायची. दिवाळी अंकवाल्या बाईंनी म्हटलं, त्याबद्दलच लिहा. माझी शाळा चौथीपर्यंत. तेव्हा जे आहे ते सरळ लिहिते.

फिलूबाय, म्हणजे फिलोमेना, डिलाईल रोडला आमच्याच चाळीत पहिल्या मजल्यावर राहायची. मूळची गोव्याची. तिचा नवरा गिरणीत होता, तो आधीच वारला. दर वर्षी दिवाळी संपली की ती एकटी बसून नाताळाचं सामान करायची. बांबूच्या कामट्यांचे तारे, सोनेरी कागदातून कापलेली अक्षरं, दाराला लावायच्या माळा. संप लागला आणि दोन-तीन महिन्यांत चाळीतल्या बायकांच्या लक्षात आलं की हा काही लवकर मिटत नाही. मग दिवाळीच्या सुमारास एकेक करून आम्ही फिलूबायच्या खोलीत जाऊन बसलो. तिनं कोणाला बोलावलं नाही आणि कोणाला हाकललं नाही. कात्री पुढे सरकवली, बस्स.

काम सोपं आहे, सांगते. अक्षरं कापायची असतील तर फिलूबाय पुठ्ठ्याचा नमुना द्यायची. तो सोनेरी कागदावर ठेवून पेन्सिल फिरवायची आणि कापायचं. ते अक्षर कुठलं, त्याचा उच्चार काय, हे कळायची गरज नाही. मला 'एस' म्हणजे हंसाची मान, 'एम' म्हणजे दोन डोंगर. फक्त क्रम चुकवायचा नाही, म्हणून फिलूबाय दोऱ्यात ओवायचं काम स्वतः करायची. कार्डं छापायची असतील तर लाकडी चौकटीवर बारीक जाळी ताणलेली असते. पेंटर काळ्या शाईनं मजकूर काढून देतो, त्यावरून जाळीत तो मजकूर उतरवतात. अक्षरांपुरती जाळी मोकळी, बाकी सगळी बुजलेली. खाली कार्ड ठेवायचं, वर शाई ओतायची, रबराची पट्टी एकदा ओढायची. झालं कार्ड.

आता यात एक गोची होती. फिलूबायला इंग्रजी येई आणि तिची कोकणीही ती इंग्रजी अक्षरांत वाची. आपली बाळबोध अक्षरं तिला अजिबात लागत नसत. आणि आमच्यात शाळेत गेलेल्या दोघीच, मी आणि शालन. आम्हाला इंग्रजी शून्य. म्हणजे तिच्या लिहिण्याला आम्ही आंधळ्या, आमच्या लिहिण्याला ती. बाकी गोदाक्कासारख्या बायका दोन्हीला आंधळ्या, पण त्यांचा हात सगळ्यांत सरळ चालायचा.

इंग्रजी शब्द आम्ही चित्रावरून शिकलो. प्रभादेवीच्या एका शाळेतल्या बाई यायच्या, लग्न न केलेल्या, चष्म्याच्या. मुलांना नाताळावर निबंध लिहायला शब्द हवेत म्हणून त्या पाट्या करून घ्यायच्या. एका पाटीवर एक शब्द आणि त्याचं चित्र. फिलूबाय शब्द वाचून सांगायची आणि आम्ही चित्र रंगवायचो. त्यात अर्धा दिवस जायचा, कारण प्रत्येक शब्दाला चौकशी व्हायची.

"रेनडिअर."

"हे तर सांबर," शालन म्हणायची. "ह्याला गाडीला कोन जुपतं?"

"आणि गाडीला चाकं कुठायत?" मी.

"बर्फावरून घसरता ती."

बर्फ म्हटलं की आम्हाला मासळीबाजारातला माहीत, लाकडाच्या भुशातला. कार्डावरच्या घरांवर सगळीकडे बर्फ पडलेला आणि लोक हसतायत, हे आम्हाला पटायचं नाही. गोदाक्का म्हणायची, छप्पर गळत असेल बिचाऱ्यांचं. मग मोज्याचा शब्द आला. मुलं रात्री मोजा टांगतात आणि सकाळी त्यात खाऊ सापडतो. शालन म्हणाली, आमच्या मालकाच्या मोज्यात खाऊ घातला तर पोरं दवाखान्यात जातील.

सगळ्यांत मजा मिसलटोची. फिलूबायनं चित्र काढलं, झाडाच्या फांदीवर दुसरंच झाड. मी म्हटलं, "अहो हे बांडगूळ!" आमच्या कोकणात आंब्यावर बांडगूळ आलं की लोक कोयता घेऊन वर चढतात. साहेब लोक ते दाराला बांधतात आणि त्याच्याखाली उभं राहून एकमेकांचे मुके घेतात, असं फिलूबायनं सांगितलं. त्या दिवशी आमच्याकडून पुढे काम झालं नाही. शालन दाराखालून जाताना डोक्यावर पदर घ्यायची आणि वर बघून म्हणायची, "न्हाई न्हाई, बांडगूळ न्हाई, जावा बिनघोर."

असं करत करत मला ते शब्द अक्षरांच्या आकारावरून ओळखू यायला लागले. स्टार, एंजल, क्रिब, पीस, जॉय. आजही मला इंग्रजी वाचता येतं ते नाताळापुरतं. जानेवारी लागला की मी परत अडाणी.

मराठी शब्दांचं मात्र उलटं झालं. गिरगावच्या मंडळाच्या पाळकीणबाई, म्हणजे तिथल्या पाळकांची बायको, त्या नगरकडच्या. काम द्यायला आल्या तेव्हा त्यांनी गोष्ट सांगितली. गव्हाण, बाळंतं, मेंढपाळ, गोठा. मी ऐकत राहिले. अरे, हे सगळे तर माझ्या आजोळचे शब्द. बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत निजवलेलं पोर आम्हाला समजावून सांगायला नको. आमच्या मावशीचा मुलगा तसाच जन्माला आला होता. पाळकीणबाई म्हणाल्या, "कार्डावर घालायला दोन ओळी हव्यात. सोप्या, घरातल्या वाटतील अशा." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण हळदीकुंकवाला उखाणा जुळवायला मीच असायची. मी तिथल्या तिथे दिलं:

गव्हाणीत निजलं बाळ, तारा आला दारात,
प्रभूची शांती नांदो तुमच्या घरात.

पाळकीणबाईंना आवडलं. म्हणाल्या, हेच छापा. शालननं कागदावर वळणदार अक्षरात लिहून ठेवलं.

आता उखाणा जुळवणाऱ्या बाईचं एक असतं. तिला 'दारात' मिळालं की पुढे नवऱ्याचं नाव आपोआप येतं. पाळकीणबाई जिना उतरत नाहीत तोच गोदाक्का म्हणाली, "शांती झाली, आता नाव घे." एरवी मी नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नसे. आमच्या वेळी कोणीच घेत नसे. मी नाव घेतलं, नाताळाच्या भरात. खोलीत असा हशा झाला की खालचा किराणावाला बाहेर येऊन वर बघू लागला. आणि शालननं मस्करी म्हणून तेही दोन्ही ओळींत लिहून ठेवलं, त्याच कागदाच्या पाठीमागे.

फिलूबायनं कागद पेंटरला दिला. कुठली बाजू वर होती ते तिला कसं कळणार? जाळी तयार होऊन आली. शुक्रवारी आणि शनिवारी सकाळी फिलूबाय आणि गोदाक्का छापत राहिल्या. मी आणि शालन त्या दोन दिवसांत लालबागला एका दुकानाचे तारे लावायला गेलो होतो. शनिवारी दुपारी परत आलो आणि गॅलरीत माझा नवरा लटकलेला.

शालननं वाचलं आणि ती खालीच बसली. "बया बया! इंदे, उद्या समद्या गिरगावच्या बायका तुझ्या मालकाचं नाव घेणार!"

"हसू नको, शालन."

"आन ते पण भरात!"

फिलूबायला मी अर्थ सांगितला. ती हसली नाही. हातातली पट्टी खाली ठेवून ती उंबऱ्यावर बसली. तिचं कारण आम्हाला ठाऊक होतं. तिचा भाऊ तिला गोव्याला बोलवत होता. दिवाळीतच ती म्हणाली होती, की एवढं मंडळाचं काम नीट झालं तर पुढची कामं मिळतील आणि मी राहीन. नाहीतर खोली सोडीन, मग तुम्ही आपलं बघा. मंडळाचं काम नीट होणं म्हणजे फिलूबाय राहणं, आणि फिलूबाय राहणं म्हणजे आमच्या चुली. त्या मजल्यावर तेव्हा गिरणीचा पगार एकाही घरात येत नव्हता.

शालन धावत जाऊन पेंटरला विचारून आली. तो म्हणाला, "मला वाटलं, ख्रिस्ती लोकांत असंच असेल." नवी जाळी करायची तर दोन दिवस. नवा कागद आणायचा तर शनिवारी दुपारी कागदाचा बाजार बंद.

गोदाक्का शांतपणे म्हणाली, "सांग त्यांना, दत्ताराम नावाचा एक संत होता."

"ते लोक प्रोटेस्टंट," फिलूबाय म्हणाली. "त्यांना आमचेच संत चालत नाहीत. तुझा खंयचो चलतलो?"

तरीही शालन हसत होती. शेवटी मलाही हसू आलं, मग गोदाक्कालाही. फिलूबाय आमच्याकडे बघून आधी चिडली आणि मग तोंडावर लाल हात धरून हसायला लागली. आमची घरं बुडत होती आणि आम्ही चौघी गॅलरीत फरशीवर बसून पोट धरून हसत होतो. शाई लागलेल्या हातामुळे फिलूबायचा गाल लाल झाला, त्यावर आणखी हसलो.

तेवढ्यात वारा आला. दोन-तीन कार्डं चिमट्यातून सुटली आणि रस्त्यावर गेली. एक थेट खालून चाललेल्या कोळणीच्या पाटीत पडलं. ती थांबली. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तिनं किराणावाल्याला वाचायला दिलं. त्यानं मोठ्यानं वाचलं, पूर्ण, चालीत.

कोळीण कमरेवर हात ठेवून वर बघत ओरडली, "कोन गो ह्यो दत्तारामराव?"

आणि मागून आवाज आला, "मी."

हे आमच्या खोलीच्या दारात उभे होते. गंजीफ्रॉक, पट्ट्यांची चड्डी, दाढी वाढलेली. हसण्याच्या आवाजानं उठून आले असणार. कितीतरी दिवसांत या माणसानं चहा आणि मीठ या दोन शब्दांपलीकडे काही बोललेलं नव्हतं. सकाळी गिरणीच्या दारावर जाऊन यायचं, आणि मग भिंत.

"सुरमई हाय, दत्तारामराव!" कोळीण खालून म्हणाली. "नाताळाच्या भरात घ्या!"

यांनी दोरीवरचं एक कार्ड काढलं आणि वाचलं. मी पदर तोंडाला लावला. आता हा माणूस ओरडणार, नाहीतर परत आत जाऊन पडणार, एवढंच माझ्या मनात.

"माझा नाव कोणी छापल्यान?"

"छापलं गेलं," मी म्हटलं.

"भावोजी, छापून आलात," शालन म्हणाली. "पेढे द्या."

यांनी कार्ड उन्हाला धरलं. शाईवरून अंगठा फिरवला, अंगठ्याचा वास घेतला.

"शाई बरी आसा," म्हणाले. "रबर वाकडो धरल्यात. ही बघ कड, फुटली हा."

फिलूबायचं टाळकं फिरलं. "तर मग तुम्ही येऊन सरळ धरा! घरात बसून माझी कड बघता!"

इथे सांगायला हवं. हे गिरणीत छपाई खात्यात होते. कापडावर फुलं छापणं हेच त्यांचं काम. फिलूबायनं आधी दोनदा बोलावलं होतं, मीही म्हटलं होतं. यांचं एकच, संप म्हणजे संप. संप मिटेपर्यंत मी जाळीला हात लावणार नाही. पोटाला काही नसलेल्या माणसाचा हट्ट, त्यावर मी काय बोलणार? मी बोलले होते, पुष्कळ बोलले होते. ते इथे लिहीत नाही.

यांनी कार्ड परत चिमट्याला लावलं. गॅलरीच्या टोकापर्यंत चालत गेले. तिथून गिरणीची चिमणी दिसायची, धूर नसलेली. ती बघून परत आले.

"संप कापडाचो आसा," म्हणाले. "कागदाचो नाय."

आणि फिलूबायच्या खोलीत शिरले.

त्यानंतर यांच्या तोंडून जे शब्द निघायला लागले ते थांबेचनात. पांढरी शाई आहे का? आहे. सोनेरी पूड आहे का? आहे. "इंदू, तारो काप. खालची ओळ झाकात एवढो, वरच्या ओळीक लागता नये." मी जाड कागदात तारा कापला. म्हणजे तारा काढून टाकला आणि ताऱ्याचं भोक ठेवलं. तो कागद यांनी रिकाम्या जाळीखाली चिकटवला. शाई तेवढ्याच भोकातून पडणार. मग टेबलावर पुठ्ठ्याचे तीन तुकडे चिकटवले, प्रत्येक कार्ड त्यांना टेकून ठेवायचं, म्हणजे तारा इकडे तिकडे सरकणार नाही.

फिलूबाय सोनं घोटायला लागली तर ओरडले, "थांब! सोना सरळ लालावर मारलंस तर तांब्यासारखा दिसतला. पयलो पांढरो."

कार्ड पांढरं, त्यावर पांढरा तारा, म्हणजे तो दिसतच नाही. नुसती लाल ओळ फिकी गुलाबी झाली. आम्ही बायका ती कार्डं गच्चीवर नेऊन उन्हात पसरायचो आणि वाळली की परत खाली आणायचो. कार्ड उडू नये म्हणून त्यावर ठेवायला चाळीतल्या सगळ्या वाट्या गोळा केल्या. कावळे आले. शालन पदर फिरवत कावळे हाकलत होती आणि प्रत्येक कावळ्याला यांचं नाव घेऊन शिव्या देत होती. मग दुसरा हात, सोनेरी. यांनी पट्टी ओढली. सर्रकन एकच आवाज. जाळी उचलली.

वर लाल अक्षरात, गव्हाणीत निजलं बाळ, तारा आला दारात. आणि त्याच्याखाली खराच तारा आलेला, सोन्याचा, टोकं सुईसारखी.

गोदाक्कानं कार्डाकडे बघून बोटं मोडली, लहान मुलाची दृष्ट काढतात तशी.

"आता म्हणा वाकडो," फिलूबाय म्हणाली.

"आता सरळ आसा," हे म्हणाले.

नवरा स्वतःचंच नाव आपल्या हातानं एकेका कार्डावर पुसत चालला होता आणि शीळ घालत होता. लग्नानंतर ही शीळ मी ऐकली नव्हती. मला रडू वगैरे आलं नाही. मी वाट्या गोळा करत होते.

रविवारी सकाळी मी आणि फिलूबाय गिरगावला गेलो. पाळकीणबाईंनी कार्ड हातात घेतलं, वाचलं, ताऱ्यावरून बोट फिरवलं. "सुंदर झालंय. पण दुसरी ओळ होती ना? प्रभूची शांती?"

फिलूबाय पटकन म्हणाली, "ती ताऱ्यात आली, बाई."

"ताऱ्यात?"

"शांती सांगायची नसते," मी म्हटलं. "दिसायला हवी." हे मी कुठून काढलं, मला माहीत नाही. पाळकीणबाई माझ्याकडे जरा बघत राहिल्या आणि म्हणाल्या, बरं.

आम्ही सुटलो म्हणून परत येताना गिरगावात भजी खाल्ली.

नाताळ झाला. नवीन वर्षाच्या आधी एका दुपारी शालन धावत वर आली. "पाळकीणबाई आल्यात! जिना चढत्यात!"

फिलूबायनं छातीवर क्रूस केला. मी हात पुसले. बाई दमल्या होत्या. त्या पाणी प्यायल्या, खुर्चीवर बसल्या आणि सगळ्यांकडे बघून विचारलं, "दत्तारामराव कोण?"

हे कोपऱ्यात जाळी धूत होते. जाळी खाली ठेवून उभे राहिले, गिरणीत साहेब आल्यावर राहत तसे.

"तुमचं नाव आमच्या मंडळातल्या सगळ्या बायकांना पाठ झालंय," पाळकीणबाई म्हणाल्या.

झालं असं, की एका बाईनं आपल्या घरी खिडकीत कार्ड उभं केलं आणि त्याच्यामागे मेणबत्ती लावली. नाताळात तशी पद्धत असते. उजेड आरपार आला आणि ताऱ्याच्या पोटातून आमचे हे बाहेर आले. तिनं शेजारणीला बोलावलं. शेजारीण आपलं कार्ड घेऊन आली, त्यातही हेच. मंडळाच्या चहाला सगळ्या जणी कार्डं घेऊन दिव्याखाली उभ्या. हसून हसून एकीच्या हातातला केक खाली पडला, असं बाई सांगत होत्या, आणि सांगता सांगता त्यांनाच हसू आवरेना.

फिलूबाय म्हणाली, "बाई, चूक झाली. आम्ही परत छापून देऊ."

"परत छापायचंच आहे," बाई म्हणाल्या. "पुढच्या वर्षी. पण नावाची जागा कोरी ठेवा. आम्हालाही नवरे आहेत."

मराठी बाई कुठल्याही देवाची असो, नवऱ्याचं नाव यमकात घ्यायला मिळालं की खूश. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पुढच्या वर्षी कार्डावर नावाच्या जागी रेघ ठेवली आणि ती रेघ आमची ओळख झाली. मग शीवचं मंडळ आलं, मग परळचं. दर वर्षी मी नव्या दोन ओळी द्यायची आणि रेघ तीच. एक विधवा बाई आल्या, म्हणाल्या, मला रेघ नको, नाव छापूनच द्या, मला आता तोंडानं घ्यायला कोणी सांगत नाही. त्यांच्यापुरतं एकच कार्ड यांनी सोन्यात छापलं. प्रभादेवीच्या त्या शाळेतल्या बाई एकदा म्हणाल्या, मीही घेते, आणि रेघेवर त्यांनी स्वतःचंच नाव लिहिलं. शालन म्हणाली, ह्येच बरं, नवरा कधी मरायचा न्हाई.

फिलूबाय गोव्याला गेली नाही. तिच्याच खोलीत ती म्हातारी झाली.

वाईट वाटतं ते एकाच गोष्टीचं. माझी खरी ओळ, प्रभूची शांती नांदो तुमच्या घरात, ही कधी छापलीच गेली नाही. ती मला जास्त चांगली जमली होती असं मला अजून वाटतं. पण कोणी मागितली नाही. पुढे प्लास्टिकची तयार अक्षरं आली, तयार तारे आले, आत दिवा असलेले, गाणं वाजवणारे. आमचं काम बसलं. गिरणीच्या जागी उंच काचेची इमारत आली. डिसेंबरात तिच्या दारात केवढं तरी झाड उभं करतात, त्यावर इंग्रजीत लिहिलेलं मी खालून वाचते. जॉय, पीस, नोएल. रखवालदाराला वाटतं, म्हातारी शिकलेली आहे.

हे शेवटपर्यंत, हात थरथरायला लागेपर्यंत, कार्डं छापत होते. पण त्याला नोकरी म्हणाले नाहीत, धंदा म्हणाले नाहीत. कोणी विचारलं की तुम्ही काय करता, तर सांगायचे, गिरणीत छपाई खात्यात आहे, सध्या संप आहे. संप मिटला असं यांना कोणीच येऊन सांगितलं नाही.

गोदाक्का गेली. फिलूबाय गेली. हे गेले, संपावर असतानाच. शालन आहे, आणि मी आहे.